पहिल्या गिअरात उभी फटफटी

भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्या अंगाला अंग लागू द्यायचं नाही, त्याची सावलीसुद्धा ओलांडायची नाही. हे मला लग्नातच बजावलं गेलं, आणि मी ते इतकं पाळलं की सात वर्षांत खुशालरावांना हाक मारायला माझ्याजवळ एक शब्द नव्हता. सासूला आत्याबाई म्हणत असे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला काय म्हणायचं हे कुणी शिकवलंच नाही, कारण म्हणायची वेळच येणार नव्हती. काही सांगायचंच झालं तर लेकराच्या नाहीतर मांजराच्या तोंडून सांगायचं. "मन्ये, मोठ्या बाबाले सांग, ताट वाढलं हाय." मांजर अंग चाटत बसायचं आणि खुशालराव जेवायला उठायचे. मला या सगळ्याचा मनस्वी राग यायचा. तो गिळून मी भाकरी थापत असे.

आम्ही माळी. मूर्तिजापूरच्या अलीकडे, कारंज्याच्या रस्त्याला आमचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या आतल्या अंगाला शेवंती. शेवंती बैलबंडीतून अकोल्याला पोचेपर्यंत माना टाकायची, म्हणून खुशालरावांनी एका साहेबाची जुनी फटफटी विकत घेतली होती. हे सगळं युद्धाच्या आधीचं, पस्तीस-छत्तीस सालच्या सुमाराचं. मागच्या चाकावर त्यांनी सुताराकडून फुलांच्या टोपल्यांसाठी रुंद फळी बसवून घेतली. फळी बसवताना साखळीवरचं पत्र्याचं झाकण आड येत होतं, ते त्यांनी काढून कोठ्यात टाकलं. टोपल्यांना साखळीवर झाकण असलं काय आणि नसलं काय, सारखंच होतं.

त्या फळीवर मी एकदाच बसले. माघाचे दिवस होते. माझी शकुन दोन वर्षांची. तिला दोन दिवसांपासून ताप होता, आणि सकाळी तिचा आवाजच गेला. रडायला तोंड उघडायची, पण आतून नुसती शिटी वाजल्यासारखा श्वास. आत्याबाईंनी तिला उजेडात नेलं, चमच्याच्या दांडीनं जीभ दाबली आणि घशात पाहिलं. पाहिल्यावर त्या खालीच बसल्या.

"घटसर्प हाय," त्या म्हणाल्या. "मायी जमुना याच्यातच गेली."

जमुना त्यांची मधली मुलगी. तिच्याबद्दल त्या कधी बोलत नसत. पण ते मरण त्यांनी पाहिलं होतं, म्हणूनच त्या दिवशी त्यांनी ना अंगारा लावला ना कुणा भगताला बोलावलं. खुशालराव अंगणात उभे होते. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात या दुखण्याची सुई देतात असं त्यांच्या कानावर होतं. माझा नवरा महादेवराव वांग्यांची बंडी घेऊन अमरावतीच्या बाजाराला गेलेला. आगगाडी संध्याकाळची, आणि संध्याकाळपर्यंत शकुन टिकेल असं तिच्याकडे पाहून कुणालाच वाटत नव्हतं.

"फटफटी काढतो," खुशालराव आत्याबाईंना म्हणाले. "पोट्टीले घेऊन कोनाले तरी मांगं बसा लागंन."

कुणीतरी म्हणजे मीच. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग आतून वाकळ आणली, तिची घट्ट गुंडाळी केली आणि फळीच्या पुढच्या अंगाला, खुशालरावांच्या पाठीशी आडवी ठेवली. "याच्या पुढं सरकू नोको," त्यांनी मला सांगितलं. "अन् लेकरू नुसतं हातावर घेऊ नोको, खड्ड्यात सुटंन." त्यांनी शकुनला माझ्या छातीशी लावलं, माझाच पदर डोक्यावरून घेऊन तिच्या पाठीवरून फिरवला आणि माझ्या डाव्या खांद्यावर गाठ मारली. पेंढीला मारतात तशी गाठ. पदराचं हातभर टोक उरलं, ते तसंच खाली लोंबत राहिलं. लेकराच्या जिवाचीही काळजी आणि भासऱ्याच्या विटाळाचीही. एका बाईला एका वेळी किती काळज्या असाव्यात!

मूर्तिजापूरपर्यंतचा रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. धूळ, दणके आणि छातीशी तो शिटीसारखा श्वास. श्वास वाजत होता तोवर मला धीर होता. मी दोन्ही पाय डावीकडे सोडून बसले होते, एका हातानं शकुनला आणि दुसऱ्यानं फळीला धरून. खुशालरावांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रीतच होती तशी.

मूर्तिजापूरचं रेल्वे फाटक बंद होतं.

कापसाचा हंगाम. जिनिंगला निघालेल्या बंड्यांची रांग लागलेली, आणि पलीकडे एक मालगाडी डबे सोडत, डबे जोडत पुढे-मागे करत होती. रस्ता म्हणून काही दिसतच नव्हता. कापसाचे ढीग, बैलांची शिंगं आणि मुंडासी. खुशालराव दोन बंड्यांच्या मधून, रस्त्याच्या कडेनं, जागा मिळेल तिथून फटफटी घुसवत पुढे निघाले. बैल बुजायचे, बंडीवाले शिव्या द्यायचे. त्यांचंही खरंच होतं. पण आम्हाला थांबायला वेळ नव्हता.

इथं मला गिअरचं सांगितलं पाहिजे. फटफटीच्या टाकीला उजव्या बाजूनं एक लोखंडी दांडी होती, वर काळा गोळा. ती पार मागे ओढली की पहिला गिअर. तिथून बोटभर पुढे सरकवली की गाडी रिकामी, म्हणजे इंजिन चालतं पण चाक फिरत नाही. आणखी पुढे ढकलली की दुसरा, मग तिसरा. खुशालराव माझ्या नवऱ्याला अंगणात हे शिकवत असताना मी स्वयंपाकघराच्या दाराआडून सगळं पाहत असे. नवऱ्याला काही केल्या जमेना. खुशालराव त्यांच्यावर खेकसायचे, "थांबला का पयले गाडी रिकामी करजो! मूठ दाबून उभा राहू नोको. हात सुटला का गाडी पयालीच समज!" मूठ म्हणजे डाव्या हातातला क्लच. तो दाबून धरला तर गिअरात असूनही गाडी उभी राहते, सोडला की उडी मारते. नवऱ्याच्या डोक्यात ते शेवटपर्यंत शिरलं नाही. माझ्या पहिल्याच दिवशी शिरलं, पण मला विचारणार कोण?

आणि त्या दिवशी खुशालराव स्वतःच क्लच दाबून उभे होते. दांडी पार मागे, गाडी पहिल्यात. फाटक उघडताच सगळ्यांच्या आधी निसटायचं होतं त्यांना. पुढची बंडी हातभर सरकली की ते क्लच थोडा सोडायचे, गाडी हातभर पुढे जायची, पुन्हा दाबायचे. घाई माझ्या लेकरासाठीच होती, म्हणून त्यांना दोष देत नाही.

असंच एकदा हातभर पुढे गेलो आणि माझा डावा खांदा खाली ओढला गेला.

आधी वाटलं, पदर फळीच्या खिळ्याला अडकला असेल. वाकून पाहिलं. पदराचं लोंबतं टोक साखळीत गेलं होतं. साखळी आणि दात्यांचं चाक यांच्या मधे ते घट्ट चावलं गेलं होतं. मी ओढलं. हललं नाही. जोर लावून ओढलं. नाहीच. हातमागाचं जाड लुगडं, ते फाटणारही नव्हतं. गाठ सोडायला गेले तर ताणानं ती दगड झालेली, आणि एका हातानं सुटेना. दुसरा हात काढला तर शकुन सुटणार. त्या पदरात ती बांधलेली होती. चाक एकदा पुरतं फिरलं असतं तर माझ्याआधी ती त्यात गेली असती.

आता सांगायला हवं होतं. पुढे हातभर अंतरावर माणूस बसलेला, आणि मला त्याला सांगायचं होतं.

मी काय केलं असेल? मी रीतीप्रमाणे सांगितलं. "शकुन," मी म्हटलं, "मोठ्या बाबाले सांग वो, पदर साखयीत गेला." जिला श्वास घेता येत नव्हता तिच्या तोंडून निरोप! सात वर्षं घोटून घेतलेलं असं ऐन वेळी तोंडात येतं. इंजिनाच्या आवाजात तो निरोप माझा मलाच ऐकू आला नाही. पुढची बंडी सरकली. फटफटी हातभर सरकली. पदर आणखी आत गेला आणि शकुनची हनुवटी वर उचलली गेली. तिच्या श्वासाची शिटी बारीक झाली.

डाव्या हाताला एक कापसाची बंडी उभी होती. बंडीवाला म्हातारा, पांढऱ्या मिशांचा. त्याला लोक पुंजाराम म्हणतात हे मला नंतर कळलं. तो बैलाच्या कपाळावर हात ठेवून त्याला शांत करत होता.

"बाप्पा," मी ओरडले, "या माणसाले सांगा ना! पदर साखयीत अटकला!"

"तूच सांग ना बाई. तुया पुढंच त बसला हाय."

"भासरे होयत माये!"

म्हातारा हसला नाही. त्याची नजर माझ्या खांद्यावरून साखळीपर्यंत गेली आणि चेहराच उतरला. त्यानं कासरा सोडला आणि गळा काढून ओरडला, "ओ फटफटीवाले! ओ! पाहा इकडं!"

खुशालराव रांगेच्या शेपटापासून इथपर्यंत "ओ फटफटीवाले" हेच ऐकत आले होते आणि त्याच्यापुढे प्रत्येकानं एक शिवी जोडली होती. त्यांना वाटलं, हाही बैल बुजला म्हणून भांडतोय. त्यांनी मान वळवली नाही. "जातो ना बे, जातो!" असं ओरडून त्यांनी क्लच सोडला आणि म्हाताऱ्यापासून दूर, वीतभर पुढे काढली.

मी फळीवर जवळजवळ आडवी झाले. खांदा चाकाकडे, मान तिरपी, आणि शकुन माझ्या छातीवर इतकी आवळलेली की तिच्या तोंडाला फेस आला. म्हातारा पुन्हा ओरडायला गेला, तशी मी त्याच्यावरच किंचाळले, "नोका! नोका ओरडू!" कारण आता मला कळलं होतं, ओरडलं की हा माणूस पुढे जातो.

मग हात लावावा? पाठीवर एक थाप मारली असती तरी पुरे होतं. पण सात वर्षांत न लागलेला हात पाठीला लागला तर माणूस दचकणार. आणि दचकला की डावा हात सुटणार. तो हात मला दिसत होता. एवढा वेळ क्लच दाबून बोटं पांढरी पडली होती. मालगाडीचा शेवटचा डबा फाटकापुढून सरकला. फाटकवाला कोठडीतून बाहेर आला. मागे सगळे बंडीवाले एकदम बैलांना हाकारू लागले, आणि खुशालरावांनी निघायच्या तयारीनं इंजिनाचा आवाज वाढवला.

त्या आवाजात मला अगदी स्वच्छ दिसलं की या माणसाला काही सांगायचंच नाही. सांगायला वेळ नाही आणि ऐकायला कान नाहीत. दांडी सरकवायची.

पण पदर ताणलेला होता, मी पुढे वाकू शकत नव्हते. मान झटकून मी डोक्यावरचा पदर खाली पाडला. तेवढी ढील मिळाली. भर रस्त्यात, गावोगावच्या माणसांपुढे, उघड्या डोक्यानं मी त्या वाकळीवर छाती टाकली, शकुनला डाव्या हातानं धरलं आणि उजवा हात भासऱ्याच्या कमरेवरून, मांडीवरून पुढे घातला. काळा गोळा हाताला लागला. गरम होता. बोटभर. जास्त ढकलली तर दुसरा गिअर, म्हणजे काहीच उपयोग नाही. मी डोळे मिटले नाहीत. त्या दांडीकडे बघत बघत ती सरकवली, आणि आत कुठेतरी 'खट्' झालं.

खुशालराव विंचू चावल्यासारखे उसळले. दोन्ही हात सोडून ते मागे वळले. डावा हात पुरता सुटला. मी शकुनवर ओणवी झाले.

फटफटी जागच्या जागी फटफटत राहिली. चाक हललं नाही.

ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. सात वर्षांत मी त्यांचा चेहरा असा समोरून कधी पाहिलाच नव्हता. रागानं लाल झालेला, तोंड उघडलेलं. ते काही बोलण्याआधी मीच बोलले. "पदर साखयीत गेला. शकुन बांधली हाय त्याच्यात. खाली उतरा!"

हाक मारली नाही, जी म्हटलं नाही, काही नाही. हुकूम सोडला.

त्यांनी खाली पाहिलं, आणि चेहऱ्यावरचा राग कुठे गेला कळलं नाही. पुंजारामनं धावत येऊन फटफटी धरली. खुशालराव चाकापाशी बसले आणि दोन्ही हातांनी चाक उलटं फिरवू लागले. एकेका दात्यानं पदर बाहेर यायला लागला, काळा, चिरडलेला. मागचे बंडीवाले ओरडत बाजूनं निघून गेले. कुणी माझ्या उघड्या डोक्याबद्दल काही बोलला, तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. शकुनची हनुवटी खाली आली आणि शिटी पुन्हा वाजली. तो आवाज ऐकून मला रडू फुटलं.

पुंजारामनं गाठ दातांनी सोडली. पुन्हा बांधताना टोक आत खोचलं. अकोल्याच्या वाटेवरचं बोरगाव मागे पडलं. मग खुशालराव मान न वळवता मोठ्यानं म्हणाले, "पोट्टी हाय ना?"

"हाय," मी म्हटलं. मांजर मध्ये नव्हतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सुई दिली, रात्रभर नळीनं वाफ दिली. तिच्या गळ्यावरचा पदराचा वळ पाहून त्यांनी हे कसलं म्हणून विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. चार-सहा दिवसांनी शकुन दूध प्यायला लागली आणि आम्ही आगगाडीनं घरी आलो. महादेवराव न्यायला आले होते. खुशालराव फटफटी घेऊन आधीच परतले होते.

घरी आल्यावर आत्याबाईंनी शकुनला मांडीवर घेतलं, सगळीकडून चाचपलं, आणि गळ्यावरच्या वळापाशी त्यांचं बोट थांबलं. मी स्वयंपाकघरात होते. ओसरीवर दोन्ही भाऊ बसले होते.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"पदर साखयीत गेला होता, फाटकापाशी," खुशालराव म्हणाले. "मायं ध्यान गेलं. म्या गाडी रिकामी केली अन् काढला."

मी पीठ मळता मळता थांबले. ते खोटं का बोलले ते मला लगेच कळलं. माझी अब्रू झाकत होते ते. माझ्यावर बोट येऊ नये, नवऱ्यापुढे मान खाली जाऊ नये, म्हणून. चांगलाच माणूस होता तो. मी गप्प राहायला तयारही होते.

पण आत्याबाई पुढे बोलल्या. "अन् इची माय काय करून राहिली होती? लेकराचा गया आवळून राहिला अन् ते बसली होती धोंड्यावानी? तू नसता त गेली असती मायी शकुन." आणि शकुनला हलवत त्या म्हणाल्या, "मोठ्या बाबानं वाचवलं बाई तुले. ध्यानात ठेवजो."

माझ्या कानशिलात आग झाली. उद्या ही मुलगी मोठी होणार आणि तिला हेच सांगितलं जाणार, की तुला फास बसत होता तेव्हा तुझी आई पदर सावरत बसली होती. अब्रूसाठी मी पुष्कळ गिळलं होतं. हे मला गिळता आलं नाही. मी पिठाच्या हातांनीच ओसरीवर आले.

"आत्याबाई, गाडी म्या रिकामी केली," मी म्हटलं. "यायच्या मांडीवरून हात घातला अन् दांडी ढकलली. डोक्यावर पदर नोता. यायले काहीच मालूम नोतं."

महादेवराव उभे राहिले. खुशालराव जमिनीकडे बघत होते. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "खरं होय का रे?"

"हो," ते म्हणाले. "मायं ध्यानच नोतं, माय. इनंच वाचवली."

आत्याबाईंनी शकुनला महादेवरावांच्या हातात दिलं आणि कमरेवर हात ठेवून उठल्या. "तू विहिरीवर जाय," त्यांनी खुशालरावांना सांगितलं. "डोक्यावरून पानी घेतल्याशिवाय घरात येऊ नोको." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू न्हानीत चाल."

माघातल्या संध्याकाळचं पाणी कसं असतं ते मला माहीत होतं. मी न्हाणीत जाऊन पाटावर बसले, दात आवळून. आत्याबाई मागून आल्या. त्यांच्या हातात चुलीवरचा हंडा होता, त्यांच्या स्वतःच्या आंघोळीसाठी तापवलेल्या पाण्याचा. त्यांनी माझे केस सोडले आणि पहिला तांब्या ओतला. पाणी ऊन होतं.

"कशी ढकलली?" त्यांनी दुसरा तांब्या भरता भरता हळूच विचारलं.

"जपून."

"अन् नसती सरकली त?"

"त शकुन घरी आली नसती."

तांब्या माझ्या डोक्यावर तसाच थांबला. मग त्या माझ्यामागे खाली बसल्या, आणि मला त्यांचं रडणं ऐकू आलं. "जमुनाच्या वक्ताले," त्या म्हणाल्या, "मामंजी ओसरीवर बसले होते. त्यायची बंडी दारातच उभी होती वो. म्या त्यायले काहून नाई सांगतलं?"

त्यांनी हंड्यातलं सगळं ऊन पाणी माझ्या अंगावर ओतून संपवलं.